सोची आणि व्लादिवोस्तोक: अक्षांश एक, हिवाळे दोन

जानेवारीत सोचीचं सरासरी तापमान ६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्याच महिन्यात व्लादिवोस्तोकचा पारा सरासरी उणे १२ पर्यंत उतरलेला असतो. दोन्ही शहरं रशियातली, दोन्ही समुद्राकाठची आणि दोन्ही ४३ ते ४४ अंश उत्तर अक्षांशांच्या मधली. मध्ये अंतर आहे सुमारे ७ हजार किलोमीटरचं, पण ते पूर्व-पश्चिम. त्यामुळे २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दोन्हीकडे क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो. ऊन सारखंच तिरपं, दिवसही सारखाच लहान. मग १८ अंशांचा फरक येतो कुठून?

‘समुद्राजवळचं हवामान सौम्य असतं’ हे शाळेतलं उत्तर इथं अर्धंच लागू पडतं. त्यामागचं कारण खरं आहे: तेवढ्याच वजनाची कोरडी माती तापवायला लागते त्याच्या साधारण पाचपट उष्णता पाण्याला लागते, आणि पाणी घुसळलं जात असल्यामुळे ती खोलवर साठते. हिवाळ्यात समुद्र ती सावकाश परत देतो. पण देतो कोणाला? वारा ज्या दिशेला जाईल त्या दिशेच्या लोकांना. व्लादिवोस्तोकची गोची इथंच आहे.

हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलियावरची जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यावरची हवा गार, कोरडी आणि जड होऊन बसते आणि तिथं जास्त दाबाचा प्रचंड प्रदेश तयार होतो. ही हवा कमी दाबाच्या प्रशांत महासागराकडे वाहत सुटते, आणि व्लादिवोस्तोक नेमकं तिच्या वाटेवर आहे. समुद्र शहराला खेटून असला तरी वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे समुद्राची ऊब पलीकडेच निघून जाते. उलट समुद्रच गारठतो. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठतं. शहरालगतच्या अमूर उपसागरावर बर्फाचा जाड थर धरतो आणि लोक त्याला भोकं पाडून मासे पकडत बसतात.

सोचीच्या पाठीशी कॉकेशस पर्वत आहे. उत्तरेकडची गार हवा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि तीन हजार मीटरच्या पुढे गेलेली शिखरं ओलांडणं तिला सहसा जमत नाही. जी ओलांडते, ती उतरताना दाबली जाऊन तापते, दर १०० मीटरला जवळपास १ अंशाने. समोरचा काळा समुद्र भर हिवाळ्यातही ९ अंशांच्या आसपास असतो. तिकडून येणारी दमट हवा याच डोंगरांना अडून भरपूर पाऊस देते. सोचीच्या परिसरात चहाचे मळे आहेत, हे वाचून ‘रशियात?’ असं कुणीही विचारेल.

उन्हाळ्यात मात्र व्लादिवोस्तोकचा वारा फिरतो. आता तो समुद्राकडून येतो, मोसमी पाऊस आणतो, आणि गार पाण्यावरून येताना जून-जुलैत शहरावर दाट धुकं पसरवतो. ऑगस्टमध्ये तिथं सरासरी २० अंश, सोचीत २४. म्हणजे जानेवारीतला १८ अंशांचा फरक चारवर आला. तुलना करताना नुसती वार्षिक सरासरी बघितली, तर ही सगळी गंमत हातची निसटते.

उंचीचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. वर जाताना तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. सोचीच्या किनाऱ्यावर ६ अंश असताना दोन हजार मीटरवर साधारण उणे ७ असणार. म्हणूनच सोचीत झालेल्या २०१४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्केटिंग समुद्राकाठच्या बंदिस्त मैदानांत झालं आणि स्कीइंग जवळच्याच क्रास्नाया पोल्याना या गावाच्या डोंगरात. तरीही आयोजकांनी खबरदारी म्हणून आदल्या हिवाळ्यातलं बर्फ झाकून साठवून ठेवलं होतं.