कंट्री संगीतातला सर्वश्रेष्ठ बँड कोणता? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कंट्री संगीताचे अमेरिकी चाहते सर्वश्रेष्ठ बँडचा विषय काढून बसले, की अलाबामा, ईगल्स आणि द चिक्स ही नावे लगेच पुढे येतात. मंडळीत कोणी जुना जाणकार असेल, तर तो बॉब विल्सच्या टेक्सस प्लेबॉइजचे आणि बक ओवेन्सच्या बकरूजचे नाव घेतो. हरकतीही तेवढ्याच ठरलेल्या असतात. ईगल्स मुळात कंट्री म्हणायचे का? स्टॅटलर ब्रदर्स हे चौघे नुसते गाणारे, त्यांना बँड कसे म्हणावे? आणि टेक्सस प्लेबॉइज हा बँड मानायचा, की बॉब विल्सने पगारी ठेवलेला ताफा? वरवर पाहता हा आवडीनिवडीचा मामला वाटतो. पण या हरकतींचे मूळ कंट्री संगीताच्या धंद्याची घडी कशी बसत गेली, यात आहे. तबकडीवर नाव कोणाचे, करार कोणाशी आणि स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवले कोणी, या तीन गोष्टी या संगीतात फार क्वचित एकाच मंडळींकडे राहिल्या.

सुरुवात मात्र बँडपासूनच झाली होती. जानेवारी १९२५ मध्ये अल हॉपकिन्स आणि त्याचे साथीदार न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला आले. निर्माता राल्फ पीर याने संचाचे नाव विचारले, तेव्हा आम्ही डोंगराकडचे गावंढळ लोक, काहीही नाव द्या, अशा अर्थाचे उत्तर हॉपकिन्सने दिले आणि पीरने 'हिल बिलीज' असे नाव लिहून घेतले. पुढे याच नावाने सगळी संगीतशैली ओळखली जाऊ लागली. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने आपल्या यादीसाठी 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव स्वीकारले, ते १९४९ मध्ये.

हिल बिलीजच्या ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, १९२७ च्या उन्हाळ्यात, हाच राल्फ पीर व्हिक्टर कंपनीचे यंत्र घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात आला. १ आणि २ ऑगस्टला तिथे कार्टर कुटुंबाने गाणी ध्वनिमुद्रित केली. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि तिची चुलत बहीण मेबेल, असे हे तिघे. मेबेल तेव्हा १८ वर्षांची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. ती गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने गाण्याची चाल वाजवी आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर ठेका धरी. त्यामुळे एकच गिटार दोन वाद्यांचे काम करत असे, आणि पुढच्या पिढ्यांतले गिटारवादक हे तंत्र गिरवतच शिकले. सारा ऑटोहार्प वाजवत मुख्य आवाज देई. ए. पी. मात्र लहर लागली तरच मध्ये सूर मिसळायचा. त्याचे खरे काम गाणी गोळा करण्याचे होते. या भटकंतीत त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. ए. पी. शब्द उतरवून घेई आणि रिडल चाली डोक्यात साठवे. बँडमध्ये कोणाला मोजायचे हा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण रिडलचे नाव कुठल्याही तबकडीवर आले नाही. सारा आणि ए. पी. यांचा घटस्फोट १९३६ मध्ये झाला, तरीही हा संच १९४३ पर्यंत टिकला. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर कलावंतांच्या मानदालनात, समूह म्हणून पहिला प्रवेश मिळाला, तो कार्टर कुटुंबालाच.

ब्रिस्टललाच, कार्टर मंडळींच्या पाठोपाठ, आणखी एक गोष्ट घडली. या वादाच्या दृष्टीने मला ती अधिक बोलकी वाटते. जिमी रॉजर्स तिथे टेनेव्हा रॅम्ब्लर्स या संचासोबत आला होता. तबकडीवर कोणाचे नाव छापायचे यावरून ऐन वेळी भांडण झाले, संच फुटला आणि ४ ऑगस्टला रॉजर्सने एकट्याने गिटारवर दोन गाणी गायली. रॅम्ब्लर्सनी आपली गाणी वेगळी ध्वनिमुद्रित केली. १९६१ मध्ये हॉल ऑफ फेम सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत रॉजर्स होता. रॅम्ब्लर्सचे नाव आता अभ्यासकांपुरते उरले आहे. यापुढची पन्नासेक वर्षे कंपन्यांनी जवळजवळ हाच हिशेब चालवला. एक चेहरा, एक नाव, एक करार. वाजवणारे बदलता येतात.

तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांतल्या मोठ्या संचांकडे या हिशेबाच्या चष्म्यातून पाहिले पाहिजे. आपल्याकडे जुन्या तबकड्यांवर शाहिराच्या नावापुढे नुसते 'आणि पार्टी' छापत, तसेच तिकडे नायकाचे नाव आधी आणि संचाचे मागून येई. १९३३ मध्ये टेक्ससमधील वेको गावात उभे राहिलेले टेक्सस प्लेबॉइज १९३४ मध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरात स्थिरावले. केव्हीओओ रेडिओवरचे त्यांचे दुपारचे कार्यक्रम आणि केन्स बॉलरूममधील नाच यांनी अख्खा प्रदेश त्यांच्या मागे लागला. फिडलच्या (व्हायोलिनच्या) जोडीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, लिऑन मकॉलिफची विजेवरची स्टील गिटार आणि १९३५ पासून ड्रम अशी त्यांची मांडणी होती, आणि १९४० च्या सुमारास तिच्यात पंधराहून अधिक वादक होते. कंट्रीच्या धंद्याचे केंद्र असलेल्या टेनेसीतील नॅशव्हिल शहरातल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओवरच्या कार्यक्रमाने ड्रमला दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले होते, हे लक्षात घेतले की विल्सचे धाडस किती मोठे होते ते कळते. गंमत अशी, की नाव विल्सचे असले तरी बहुतेक गाण्यांत मुख्य आवाज टॉमी डंकनचा होता. विल्स फिडल वाजवी, मध्येच आरोळ्या ठोकी आणि पुढचा तुकडा कोणी वाजवायचा ते नाव पुकारून सांगे. १९६८ मध्ये कंट्रीच्या हॉल ऑफ फेमने एकट्या विल्सला घेतले. १९९९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मात्र विल्स आणि टेक्सस प्लेबॉइज यांना एकत्र मान दिला. एकाच संचाला दोन संस्थांनी लावलेली ही दोन मापे वाद घालणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसतात.

बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइजचा प्रश्न याहून अवघड आहे. १९३९ मध्ये हा संच ऑप्रीत दाखल झाला आणि मन्रोच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, चालत राहिला. एवढ्या काळात त्यातून शंभराहून अधिक वादक येऊन गेले, तेव्हा याला बँड म्हणण्यापेक्षा तालीम म्हणणे सोयीचे ठरेल. पण १९४६-४७ मध्ये त्यात मन्रो, लेस्टर फ्लॅट, अर्ल स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स हे पाच जण एकत्र होते. तीन बोटांनी बँजो वाजवण्याची स्क्रग्जची पद्धत, मन्रोचे वेगवान मँडोलिन आणि वरच्या पट्टीतले गाणे यांतून एक शैली तयार झाली आणि तिला 'ब्लूग्रास' हे नावही याच संचावरून मिळाले. १९४८ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा संच काढला. दोन-अडीच वर्षांच्या मुदतीत याहून अधिक काही घडवलेला दुसरा कंट्री बँड मला तरी दिसत नाही. विक्रीच्या आकड्यांवर चालणाऱ्या याद्यांत मात्र तो बहुधा नसतोच.

पन्नासाव्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशव्हिलने संच ही कल्पना स्टुडिओतून जवळजवळ हद्दपार केली. ओवेन ब्रॅडली आणि चेट अॅटकिन्स यांच्यासारख्या निर्मात्यांकडे बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, गिटारवर ग्रेडी मार्टिन आणि हँक गार्लंड, पियानोवर फ्लॉइड क्रेमर आणि साथीला जॉर्डनेअर्सचे आवाज अशी पक्की मंडळी होती. 'ए-टीम' या नावाने ती ओळखली जात. तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी पुरी व्हायची. जॉर्डनेअर्सचा नील मॅथ्यूज याने स्वरसंगतींना अक्षरांऐवजी आकडे देण्याची रीत काढली. गायकाला पट्टी झेपली नाही, तरी कागद तोच ठेवून आकड्यांवरून दुसऱ्या पट्टीत वाजवता येई. गायकाचा स्वतःचा संच दौऱ्यावर वाजवी आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी घरी राही. या पद्धतीने अप्रतिम गाणी दिली, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्या काळातला थोर कंट्री बँड शोधायला निघालेल्याच्या हाती पुन्हापुन्हा तेच सात-आठ वादक लागतात, आणि त्यांच्या नावाचा बँड तर कधी नव्हताच.

कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड शहराने वेगळी वाट धरली. बक ओवेन्स हॉलिवूडमधील कॅपिटल स्टुडिओत आपलाच संच घेऊन वाजवायचा. ओवेन्स आणि डॉन रिच यांच्या टेलिकास्टर गिटारींचा खणखणीत आवाज, टॉम ब्रम्लीची स्टील गिटार आणि ओवेन्सच्या आवाजाला बिलगून चालणारा रिचचा वरचा सूर ही बकरूजची ओळख होती. हे नाव सुचवले मर्ल हॅगार्डने, जो थोडे दिवस त्यांच्यात बास वाजवत होता. मार्च १९६६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. जुलै १९७४ मध्ये रिच मोटारसायकल अपघातात गेला आणि ओवेन्सच्या गाण्यातली धार त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. तबकडीवर नाव एकाचे, पण कस दोघांचा, हे इतक्या स्पष्टपणे सिद्ध झाल्याचे उदाहरण विरळाच, आणि माझे स्वतःचे मत बकरूजकडे झुकते ते याच कारणाने.

१९६७ पासून कंट्री म्युझिक असोसिएशनने पुरस्कार द्यायला सुरुवात केली, तेव्हा गोंधळाला अधिकृत रूप आले. 'व्होकल ग्रुप' आणि 'इन्स्ट्रुमेंटल ग्रुप' असे दोन वेगळे विभाग करण्यात आले. पहिली दोन वर्षे वादकसंचाचा मान बकरूजना मिळाला. गायकसमूहाचा मान १९६८ मध्ये पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन या जोडीला देण्यात आला. पुढे स्टॅटलर ब्रदर्सनी हा पुरस्कार नऊ वेळा जिंकला, त्यातले सहा १९७२ पासून सलग. या चौघांत स्टॅटलर आडनावाचा कोणी नव्हता. हॉटेलच्या खोलीतल्या टिश्यू पेपरच्या खोक्यावरून त्यांनी ते नाव उचलले होते. त्यांच्या चौसुरी गाण्याची जातकुळी चर्चमधल्या गॉस्पेल चौकडीची होती. नाचघरातल्या संचाशी तिचा संबंध नव्हता. रास्कल फ्लॅट्स या बँडचे २००३ पासूनचे सलग सहा आणि ओल्ड डोमिनियन या बँडचे २०१८ ते २०२४ हे सलग सात विजय याच विभागातले आहेत. पुरस्कारांची बेरीज करून श्रेष्ठत्व ठरवणारे दोन वेगळ्या परंपरा एकाच तागडीत टाकतात.

वाद्य वाजवणारा, स्वतः गाणारा आणि स्वतःच्याच नावाने करार केलेला बँड नॅशव्हिलच्या मुख्य प्रवाहात खऱ्या अर्थाने रुजवला तो अलाबामाने. फोर्ट पेन गावचे रँडी ओवेन, टेडी जेंट्री आणि जेफ कुक हे तिघे नात्याने भाऊ. १९७३ पासून उन्हाळाभर ते साउथ कॅरोलायनातील मर्टल बीचच्या 'द बावरी' या बारमध्ये वाजवत आणि श्रोत्यांनी बरणीत टाकलेल्या पैशांवर गुजराण करत. १९८० मध्ये आरसीए कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि १९८२ ते १९८४ अशी सलग तीन वर्षे त्यांना असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तोवर तो एकेकट्या कलावंतांचाच समजला जाई. ऐंशीचे दशक त्यांचे होते, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांच्याही तबकड्यांत नॅशव्हिलच्या रीतीप्रमाणे बाहेरच्या वादकांचा हात मोठा होता. म्हणूनच नव्वदच्या दशकात डायमंड रिओ या बँडचे सहाही जण आमची सगळी वाद्ये आम्हीच वाजवतो, असे आवर्जून सांगत. रॉकमध्ये असे सांगण्याची कोणाला गरजही पडली नसती.

ईगल्सचा वाद या सगळ्याला समांतर, पश्चिम किनाऱ्यावर सुरू झाला. १९६८ मध्ये बर्ड्स हा रॉक बँड ग्रॅम पार्सन्सला घेऊन ऑप्रीत वाजवायला गेला, तेव्हा श्रोत्यांनी त्यांचे थंडे स्वागत केले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच निटी ग्रिटी डर्ट बँडने नॅशव्हिलमध्ये मेबेल कार्टर, अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन आणि रॉय एकफ या जुन्या पिढीतल्या मंडळींना एकत्र आणून तीन तबकड्यांचा अल्बम केला. मन्रोने नकार दिला, पण दोन पिढ्यांमधला अबोला या अल्बमने बराच कमी केला. ईगल्स त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये तयार झाले. नॅशव्हिलने तेव्हा त्यांना आपले म्हटले नाही. १९९३ मध्ये मात्र नॅशव्हिलच्याच गायकांनी त्यांच्या गाण्यांचा मानवंदना अल्बम काढला आणि पुढच्या वर्षी असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले. तोवर रेडिओवरचे कंट्री बँड ईगल्ससारखेच वाजू लागले होते.

द चिक्सच्या बाबतीत आकडे वेगळ्याच कारणाने फसवे आहेत. १९८९ मध्ये डॅलसमध्ये रस्त्यावर ब्लूग्रास वाजवण्यापासून सुरुवात केलेल्या या संचात मार्टी ही फिडल आणि एमिली ही बँजो वाजवते. गायिका नॅटली मेन्स १९९५ मध्ये आल्यावर काढलेल्या पहिल्या दोन अल्बमांच्या अमेरिकेतच प्रत्येकी एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. १० मार्च २००३ रोजी, इराक युद्धाच्या तोंडावर, लंडनच्या रंगमंचावरून मेन्सने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याबद्दल नापसंती व्यक्त केली आणि कंट्री रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी लावणे बंद केले. कंट्रीची गाण्यांची यादी त्या काळी रेडिओवर गाणे किती वेळा वाजते यावरून ठरत असे. २००६ चा त्यांचा अल्बम सर्व प्रकारांच्या विक्रीयादीत पहिला आला आणि २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी मिळाले, तरी कंट्रीच्या गाण्यांच्या यादीत त्यातले एकही गाणे वर चढले नाही. २००३ नंतरचे त्यांचे क्रमांक कोणी पुरावा म्हणून पुढे केले, तर ते श्रोत्यांपेक्षा केंद्रचालकांचाच कौल सांगतात.