घोडबंदरला पाऊस, वाशीला ऊन आणि मॉडेलमधला फासा

येऊरच्या डोंगरावर काळा ढग बसला की घोडबंदर रोडवर पाणी साचतं, आणि त्याच वेळी वाशीच्या स्टेशनबाहेर लोक घाम पुसत उभे असतात. जूनमधलं हे नेहमीचंच. हवामानाच्या मॉडेलला, म्हणजे संगणकावर हवेचं गणित मांडणाऱ्या प्रणालीला, मात्र हा भेद दिसतच नाही. शतकभर पुढचं हवामान मोजणारी बरीच मॉडेल्स पृथ्वीचे साधारण १०० किलोमीटरचे चौकोन पाडतात. ठाणे, नवी मुंबई, खाडी, समुद्राचा तुकडा, सह्याद्रीची धार, सगळं एकाच चौकोनात! गडगडाटी ढग उंचीला १२-१५ किलोमीटर असला, तरी रुंदीला जेमतेम काही किलोमीटर.

म्हणून चौकोनातल्या ढगांचा हिशेब सूत्रावर सोपवतात. १९७४ साली अराकावा आणि शुबर्ट या हवामानशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत त्यात प्रसिद्ध आहे. अडचण अशी की तीच उष्णता, तीच दमट हवा दिली की सूत्र दरवेळी तेच उत्तर देतं. परिणामी मॉडेलमध्ये रिमझिम वाजवीपेक्षा जास्त वेळा पडते आणि खरी मुसळधार सर कमी.

यावर उपाय म्हणजे मॉडेलच्या हाती फासा देणं. ऐकायला हा चक्क जुगार वाटतो, पण फासा सरळ नसतो, तो हवेच्या स्थितीने झुकवलेला असतो. खुइदर, बिएलो आणि माज्दा या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत पाहा. चौकोनाची बारीक जाळी करायची. प्रत्येक घरात निरभ्र आकाश, मध्यम उंचीचा फुगीर ढग, उत्तुंग गडगडाटी ढग किंवा वर पसरलेला थर, यांपैकी एकच काहीतरी. घराची अवस्था कधी बदलायची ते फासा ठरवतो. मधल्या उंचीवरची हवा कोरडी असेल तर उत्तुंग ढगाची शक्यता कमी. फुगीर ढगांनी ती ओलावली की वाढते. माझ्या मते या पद्धतीचं खरं मर्म इथे आहे, कारण ढगांचा हा क्रम पावसाळी आकाशात खरोखर दिसतो.

पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, ही पद्धत सीएफएस या हंगामी अंदाजाच्या मॉडेलमध्ये बसवून पाहिली, तेव्हा मान्सूनमधले जोराचे आणि उघडिपीचे टप्पे अधिक नीट उमटले. मग चौकोनच लहान का करू नयेत? बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, आणि गणित साधारण आठपट वाढतं. २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिम या भारतीय अंदाज-मॉडेलचे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत, पण तिचं काम पुढच्या काही दिवसांपुरतं. शतकभराच्या हिशेबाला इतके लहान चौकोन अजून परवडत नाहीत.