आयात शुल्काची सरासरी: भारत आणि अमेरिका यांची तुलना कशी करावी

जागतिक व्यापार संघटनेच्या तक्त्यांनुसार २०२३ मध्ये भारताच्या आयात शुल्काची साधी सरासरी १७ टक्के होती, तर अमेरिकेची ३.३ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, तरीही भारत आयात मालावर अमेरिकेच्या पाचपट दराने शुल्क वसूल करतो, असा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही. कारण ही सरासरी प्रत्यक्ष आलेल्या मालाची नसून दरपत्रकातील नोंदींची आहे.

जगातील बहुतेक देश १९८८ पासून लागू झालेले मालाचे सहा अंकी वर्गीकरण वापरतात. त्यात पाच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि साधी सरासरी काढताना प्रत्येकाला सारखेच वजन मिळते. भारताच्या आयातीत खनिज तेलाचा वाटा फार मोठा आणि त्यावरचे सीमाशुल्क नाममात्र. पण या हिशेबात त्याची नोंद आणि विदेशी मद्याची १५० टक्क्यांची नोंद यांचे मोल समान ठरते. आयातीच्या मूल्यानुसार वजन दिले, की भारताची सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास येते आणि अमेरिकेची दोन टक्क्यांच्या थोडी वर राहते.

मग ही भारित सरासरीच का वापरू नये? तिच्यातला दोष माझ्या मते अधिक फसवा आहे. समजा, एखादा देश दोनच वस्तू सारख्याच मूल्याच्या आणि शुल्काविना आयात करतो. त्यांपैकी एकीवर २०० टक्के शुल्क बसले आणि तिची आयात पूर्ण थांबली, तर साधी सरासरी शून्यावरून १०० टक्क्यांवर जाते. भारित सरासरी मात्र शून्यच राहते. आयात रोखण्यात पूर्ण यशस्वी झालेले शुल्क या मापाला दिसतच नाही. अमेरिकेत कोट्याबाहेरच्या तंबाखूवर ३५० टक्के शुल्क आहे. त्या दराने माल आणणे परवडत नसल्यामुळे भारित सरासरीत त्याचा ठसा जवळजवळ उमटत नाही.

काळाची तुलना करू लागल्यावर गुंता वाढतो. अमेरिकेने १९३० मध्ये शुल्कवाढीचा कायदा केला. १९३२ मध्ये शुल्कपात्र मालावरची सरासरी सुमारे ५९ टक्के होती, पण सर्व आयात धरली तर ती २० टक्क्यांच्या आसपासच भरते, कारण बहुतांश माल शुल्कमुक्त होता. शिवाय १९३० नंतर शुल्कपात्र मालावरची सरासरी जितकी वाढली, त्या वाढीतला मोठा भाग कायद्यामुळे आलेलाच नव्हता. त्या काळी बरेच शुल्क वजनावर किंवा नगावर ठरलेले असे. दहा सेंट किमतीच्या मालावर दोन सेंट शुल्क म्हणजे २० टक्के. मंदीत किंमत पाच सेंटवर आली, की तेच दोन सेंट ४० टक्के होतात.

भारताची वाटचाल अगदी निराळी आहे. १९९०-९१ मध्ये येथे कमाल दर ३५५ टक्के आणि भारित सरासरी ८७ टक्के होती. १९९१ च्या सुधारणांनंतर दर टप्प्याटप्प्याने उतरले आणि २००७-०८ मध्ये बिगरशेती मालावरचा सर्वसाधारण कमाल दर १० टक्क्यांवर आला. २०१४ मध्ये साधी सरासरी १३.५ टक्के होती. त्यानंतर ती पुन्हा चढली. हे करताना बहुतेक वस्तूंच्या बाबतीत करारभंग झाला नाही, कारण भारताने जागतिक व्यापार संघटनेत मान्य केलेल्या कमाल दरांची सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे. २०२३ मध्ये अमेरिकेची अशी मर्यादा तक्त्यांतल्या तिच्या दरांना जवळजवळ चिकटलेली होती.

मात्र तक्त्यांतले हे दर सर्व सदस्य देशांना सारखे लागू होणारे असतात. अमेरिकेने २०१८ पासून चिनी मालावर बसवलेले जादा शुल्क त्यांत धरलेले नाही. त्यासाठी वसूल झालेल्या शुल्काला एकूण आयातीच्या मूल्याने भागावे लागते. तसे केल्यास अमेरिकेची सरासरी २०१७ मधील सुमारे दीड टक्क्यावरून २०१९ मध्ये तीन टक्क्यांच्या जवळ गेलेली दिसते, आणि चीनऐवजी व्हिएतनाममधून येऊ लागलेला माल जुन्याच दराने मोजला जात असल्याने हा आकडाही मूळ वाढ कमीच दाखवतो.