निसर्गछायाचित्राचे परीक्षण : रचना आणि क्रॉपिंग

प्रवासात टिपलेल्या निसर्गदृश्याच्या छायाचित्रात काय ठेवले, काय वगळले आणि ठेवलेल्या गोष्टींची एकमेकींशी सांगड कशी घातली, याची चिकित्सा म्हणजे रचनापरीक्षण. टिपून झालेल्या चित्राच्या कडा कापून चौकट बदलणे म्हणजे क्रॉपिंग. परीक्षकाचा खरा कस लागतो तो चित्रातला दोष कात्रीचा आहे की पायांचा, हे ओळखण्यात. क्रॉपिंगने नको ते काढता येते, पण उभे राहण्याची जागा बदलता येत नाही. जवळच्या खडकाने दूरच्या सुळक्याचा पायथा झाकला असेल, तर कडा कितीही कापल्या तरी तो झाकलेलाच राहतो. तिथे छायाचित्रकाराने दोन पावले डावीकडे सरकायला हवे होते, एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

निसर्गाला चौकटीत बसवून पाहण्याची सवय कॅमेऱ्याहून जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी ‘क्लॉड ग्लास’ नावाचा काळसर, किंचित फुगीर आरसा जवळ बाळगत आणि देखाव्याकडे पाठ करून त्याचे आरशातले आटोपशीर प्रतिबिंब न्याहाळत. सतराव्या शतकातील निसर्गचित्रकार क्लॉड लोरां याच्यावरून त्या आरशाला हे नाव पडले. चित्राचे तीन भाग कल्पून रचना करण्याचा ‘तृतीयांशाचा नियम’ जॉन थॉमस स्मिथ याने 1797 मध्ये मांडला, तोही ग्रामीण निसर्गाच्या चित्रांविषयी लिहिताना. याच संस्कारात वाढलेला ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न 1863 ते 1866 या काळात अवजड कॅमेरा आणि त्या काळी फिल्मऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेट्स घेऊन हिमालयात तीनदा गेला, तेव्हा तिथली विराटता चौकटीत मावत नाही, याची खंत त्याला वाटत राहिली.

हीच अडचण सह्याद्रीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आजही येते. कडा अर्धवर्तुळाकार, आत वळलेला आणि पश्चिमाभिमुख असल्याने संध्याकाळी तिथे कॅमेऱ्यांची दाटी होते. नेहमी दिसणारे चित्र असे असते : क्षितिज बरोबर मध्यावर, वरचा अर्धा भाग रिकामे आकाश, कड्याची कमान उजव्या बाजूला तुटलेली आणि खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी सॅकचा पट्टा. पट्टा आणि वरचे आकाश कापून टाकावे, यावर दुमत होणार नाही. मात्र तुटलेली कमान क्रॉपिंगने परत येत नाही. कड्याच्या मध्यावर उभे राहिल्यास त्याचा आत वळलेला भाग पायांखाली दडतो. तो दिसण्यासाठी काठापासून सुरक्षित अंतर राखून कमानीच्या एका टोकाकडे जावे लागते. याच चित्रात आणखी एक मोह होतो, तो खालची धूसर दरी ‘रिकामी’ म्हणून कापण्याचा. तो टाळावा, कारण खोली हाच या चित्राचा विषय आहे आणि दरी गेली की उरते ती खडकाची साधी भिंत. समोरच्या काठावर एखादी मानवी आकृती आपसूक आलेली असेल, तर तीही राखावी, कारण कड्याच्या उंचीचे माप तिच्यामुळेच कळते. मात्र मापासाठी कुणाला मुद्दाम काठावर उभे करण्याचा सल्ला कोणत्याही परीक्षकाने देऊ नये.

तिरके क्षितिज हा सर्वांत सहज दिसणारा दोष असला, तरी डोंगरात तो ठरवताना घाई होते. समुद्रावर क्षितिजरेषा उघड असते, पण घाटमाथ्यावर उतरत जाणारी डोंगरधारच पुष्कळदा क्षितिज समजली जाते आणि ती आडवी करण्याच्या नादात देऊळ कलते. अशा वेळी साचलेल्या पाण्याची कड, मंदिराचा खांब किंवा थेट समोरून टिपलेल्या कातळातले बेसाल्टचे जवळजवळ आडवे थर पडताळून पाहावेत. चित्र सरळ करण्यालाही किंमत मोजावी लागते. रुंदी-उंचीचे प्रमाण 3:2 असलेले चित्र 2 अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखले, तर सुमारे दहावा हिस्सा कापला जातो आणि कडेला टेकवून बसवलेले झाड त्यातच निघून जाते.

किती कापावे, हे चित्राच्या वापरावरही अवलंबून असते. 6000 × 4000 पिक्सेलच्या चित्राची रुंदी आणि उंची निम्मी केली, की 24 मेगापिक्सेलचे 6 उरतात. इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने त्याचा छाप जेमतेम 10 इंच रुंद निघतो. फोनच्या पडद्यासाठी तेवढे पुरते, भिंतीवरच्या मोठ्या छापाला पुरत नाही.

मुळात कापूच नये, असे मानणारेही आहेत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा त्या मताचा सर्वांत ठाम पुरस्कर्ता, पण पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागे 1932 मध्ये टिपलेले त्याचे गाजलेले छायाचित्र क्रॉप केलेलेच आहे. 3:2 हे प्रमाण 24 × 36 मिलिमीटरच्या फिल्मपासून चालत आले आहे. ते कॅमेरा बनवणाऱ्याने ठरवलेले असते, डोंगराने नव्हे. म्हणून लांबलचक रांगेसाठी 16:9 किंवा एकाकी सुळक्यासाठी उभी चौकट निवडणे हा रचनेचाच भाग मानावा.

कोकणकड्यावरून क्वचित दिसणारे इंद्रवज्र हे याचे उत्तम उदाहरण आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असताना समोर रंगीत वलय उमटते आणि त्याच्या केंद्रात पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली असते. कॅमेऱ्यालाही वलय आपल्या सावलीभोवतीच दिसते. मुख्य विषय मध्यावर न ठेवता एक तृतीयांशावर ठेवावा, या तृतीयांशाच्या नियमाला धरून ती सावली बाजूला सारणारा क्रॉप वलय असमतोल करतो, अनेकदा त्याची एक कडही गमावतो. इथे चौरस चौकट आणि मधोमध सावली हीच रचना शोभते, फक्त दृश्य कुठून पाहिले ते कळावे म्हणून खालच्या कडेला कातळाची एक पट्टी ठेवावी.