पाण्यातल्या हिरवळीची हजामत

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी दोन फुटी फिशटँक आहे. तिच्या तळाशी माँटे कार्लो या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या पाणवनस्पतीची हिरवळ अशी काही भरली होती की घरी येणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग माशांकडे. त्यामुळे कात्री लावायचा धीर होत नव्हता. एके सकाळी चहाचा कप घेऊन बघतो तर डाव्या कोपऱ्यातला वीतभर तुकडा तळ सोडून वर आलेला, तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. उलटा करून पाहिला. वरून हिरवागार, खाली नुसत्या पिवळट काड्या, मुळं काळी आणि वास थेट गटाराचा.

ही हिरवळ मरते ती खालून आणि आपल्याला दिसते ती वरून, सगळा घोटाळा इथे आहे.

माँटे कार्लोचे नवे कोंब जुन्यांच्या अंगावरून चढत जातात. थर दीड-दोन इंचांचा झाला की तळाशी जवळजवळ अंधार होतो. पान उजेडात अन्न तयार करतं, पण श्वास मात्र रात्रंदिवस घेतं. कमाईपेक्षा खर्च वाढला की असं तोट्यातलं पान झाड फार दिवस पोसत नाही, गाळून टाकतं. त्यात पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण 10,000 पट सावकाश पसरतो. म्हणजे जिथे प्रवाह पोचत नाही अशा गुंत्यात, असलेल्या उजेडाचंही धड काही करता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पाणी 30 अंशांवर जातं तेव्हा झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो, आणि पाण्यात ऑक्सिजन मात्र कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. गाळलेली पानं आणि माशांची घाण खाली कुजते, मुळांची पकड सुटते, थराखाली अडकलेले बुडबुडे त्याला वर ढकलतात. माझा कोपरा असाच सुटला.

मग कापायचं किती? मी अर्धा इंच ठेवतो. हे निर्दयपणाचं वाटतं, पण आई तुळशीच्या मंजिऱ्या का खुडते ते आठवा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात. गालिचा दाट होतो तो यामुळे.

हेअरग्रास या गवतासारख्या दिसणाऱ्या पाणवनस्पतीचं गणित वेगळं. त्याची हिरवी सुई म्हणजे पान नव्हे, खोड आहे. कापलेल्या सुईचं टोक तपकिरी पडतं आणि तसंच राहतं. नव्या सुया मातीतल्या आडव्या खोडातून येतात. म्हणून ते कापल्यावर आठवडाभर टाकी भादरल्यासारखी दिसते. घाबरू नका.

कात्री वाकड्या दांड्याची हवी, नाहीतर मनगट काचेला अडतं. आधी फिल्टर बंद करा. मी एकदा विसरलो आणि सगळं कातरण त्याच्या तोंडाशी जाऊन बसलं. कापताना तुटलेल्या देठांतून बुडबुड्यांची सर निघते. पाहुणे खूश होतात. खरं म्हणजे देठातली हवेची नळी उघडी पडलेली असते, एवढंच. तरंगणारे तुकडे जाळीने काढा आणि निम्मं पाणी बदला, कारण जखमांतून पाझरलेला रस आणि कुजका गाळ शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

कातरणाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. दूर्वेसारखंच इथेही पेरापेराला मूळ फुटतं, त्यामुळे नखाएवढा तुकडाही नवं झाड होऊ शकतो. परदेशी झाडाचे असे तुकडे नालीतून किंवा हौसेने तलावात गेले तर ते तिथे बस्तान बसवू शकतात. जलकुंभीने हा उद्योग देशभर करून दाखवला आहे. आणि आपला सिरपूर तलाव तर 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

मी कातरण गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरतो आणि पार वाळल्यावरच कचऱ्यात टाकतो. मेच्या उन्हात दुपारभरात त्याचा चुरा होतो. पावसाळ्यात मात्र तिसऱ्या दिवशीही एखादं पेरं हिरवं सापडतं आणि खाली कचरागाडीचं गाणं वाजत असतं.