कॅनडाचे टोर्नेडो: रिजायनाच्या रस्त्यांपासून निर्मनुष्य जंगलापर्यंत

३० जून १९१२, रविवार. दुसऱ्या दिवशी डोमिनियन डे, म्हणजे कॅनडाचा राष्ट्रीय दिन, म्हणून सस्काचेवान प्रांताच्या राजधानीत, रिजायनात, पताका लागल्या होत्या. उकाडा असह्य होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास दक्षिणेकडून आलेला टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा भोवरा, वास्काना तळ्याजवळून शहरात घुसला आणि काही मिनिटांत उत्तरेकडून बाहेर पडला. २८ माणसे गेली, सुमारे अडीच हजार बेघर झाली. जेमतेम दीड महिन्यापूर्वी उघडलेले सार्वजनिक ग्रंथालय, मेथडिस्ट चर्च, रेल्वेलगतची गोदामे, जे त्या पट्ट्यात सापडले ते मोडले. कॅनडात याहून जास्त बळी घेणारा टोर्नेडो आजवर झालेला नाही.

तिथे या घटनेला ‘रिजायना सायक्लोन’ म्हणतात. आपण मात्र कोकणातले चक्रीवादळ डोळ्यांसमोर आणू नये. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, पण ते येणार हे आधीच कळले होते. टोर्नेडो बहुधा काही शे मीटर रुंदीचा, बरेचदा काही मिनिटांचाच. मेक्सिकोच्या आखाताकडची दमट, उबदार हवा आणि वायव्येची कोरडी, थंड हवा कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशावर भेटतात. जमिनीपासून वर जाताना वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असला, की गडगडाटी ढग स्वतःभोवती फिरू लागतो. त्यातल्या मोजक्याच ढगांतून सोंड जमिनीला टेकते. दक्षिण ऑन्टारिओत महासरोवरांवरून येणारे वारेही यात भर घालतात. संख्येच्या बाबतीत अमेरिकेखालोखाल कॅनडाचाच क्रमांक लागतो.

ऑन्टारिओतल्या विंडसरने हे दोनदा भोगले: १७ जून १९४६ ला १७ मृत्यू, आणि ३ एप्रिल १९७४ ला कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबच्या इमारतीत ९. ३१ मे १९८५ ला त्याच प्रांतात एका दिवसात १२ जण दगावले, त्यांतले आठ एकट्या बॅरी शहरात.

देशाचे डोळे उघडले ते अल्बर्टा प्रांताच्या राजधानीमुळे, एडमंटनमुळे. ३१ जुलै १९८७ हा दिवस अल्बर्टात ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणूनच ओळखला जातो. दुपारी तीनच्या सुमारास शहराच्या दक्षिणेला लेडकजवळ टोर्नेडो दिसला आणि तो तासभर जमिनीवर राहिला. पूर्वेकडचा औद्योगिक पट्टा त्याने उद्ध्वस्त केला आणि मग ईशान्येच्या एव्हरग्रीन वसाहतीवर गेला. ही मोबाइल होमची वसाहत: हलकी घरे, खाली तळघर नाही. त्या दिवशीच्या २७ मृतांपैकी १५ इथले होते. त्यानंतर एडमंटनजवळच्या कारव्हेल इथे ढगांतल्या वाऱ्याची गती टिपणारे डॉप्लर रडार आले आणि रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम थांबवून इशारा देणारी प्रांतिक यंत्रणा अल्बर्टाने उभी केली. तरीही १४ जुलै २००० ला त्याच प्रांतात पाइन लेकच्या कॅम्पग्राउंडवर १२ जण गेले. तिथेही आसरा होता तो ट्रेलरचा आणि तंबूंचा. मला या दोन तारखा एकत्रच वाचाव्याशा वाटतात. वाऱ्याच्या ताकदीइतकेच, माणूस कशाखाली उभा होता हे महत्त्वाचे ठरले.

एलीची गोष्ट याच्या उलट. २२ जून २००७ ला मॅनिटोबातल्या या छोट्या गावात टोर्नेडोने एक अख्खे घर उचलले. आधी त्याला तीव्रतेचा एफ-४ दर्जा मिळाला होता, पण चित्रफिती बारकाईने तपासल्यावर तो एफ-५, म्हणजे सर्वोच्च, केला गेला. कॅनडातला असा हा एकमेव टोर्नेडो. त्यात एकही जीव गेला नाही.

हा दर्जा कसा ठरतो, हे समजून घ्यायला हवे. वाऱ्याचा वेग सहसा थेट मोजलेला नसतो. काय मोडले ते पाहून तो मागाहून ठरवतात. पूर्वी त्यासाठी हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांचे मापन (एफ) होते, २०१३ पासून कॅनडात त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे ईएफ, वापरतात. त्यामुळे मोकळ्या माळावर मोडायलाच काही नसले, तर भयानक टोर्नेडोही कागदावर किरकोळ दिसतो. आणि जंगलात कोणी पाहिलेच नाही, तर त्याची नोंदच होत नाही.

ही उणीव भरून काढायला ऑन्टारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठाने २०१७ मध्ये ‘नॉर्दर्न टोर्नेडोज प्रोजेक्ट’ सुरू केला. उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे तपासून हे संशोधक ऑन्टारिओ-क्वेबेकच्या जंगलांत आडव्या झालेल्या झाडांचे पट्टे शोधतात. १ जुलै २०२३ ला अल्बर्टातल्या डिड्सबरीजवळ टोर्नेडोने शेतातले कम्बाइन हार्वेस्टर भिरकावले, तेव्हा ईएफ-४ हा दर्जा देणारे पथकही यांचेच. अलीकडे कॅनडातल्या टोर्नेडोंचा वार्षिक आकडा वाढलेला दिसतो, त्यातला बराच भाग या शोधातून आला आहे. ती झाडे पूर्वीही पडत होती, मोजायला मात्र कोणी जात नव्हते.