क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश घेताय? फी भरण्याआधी मान्यता बघा

एम.ए. सायकॉलॉजी झालं की मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारी मानसतज्ज्ञ झाली, असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. पदवीच्या नावात ‘क्लिनिकल’ असलं तरी तेवढ्यावर होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही याच मान्यतेला धरून आहे.

आजवरची वाट अशी: एम.ए. किंवा एम.एस्सी.ला किमान 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50), मग लेखी परीक्षा, मुलाखत आणि दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिएट्री), पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यातली ओळखीची ठिकाणं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं; या विषयाला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025-26 पर्यंतच्या प्रवेशांची मुभा दिली. त्यामुळे सीनियरचा सल्ला जसाच्या तसा धरू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष, तिन्ही बघा. मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं सांगणाऱ्या ठिकाणी आईवडिलांचे पैसे अडकवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

एम.ए. अजून करायचं असेल तर नियमित कॉलेजमधूनच करा. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत.

कागदपत्रांत दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि एम.ए.च्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, मायग्रेशन (विद्यापीठ बदलतानाचा दाखला), आधार, लागू असल्यास जातीचा दाखला. गाडी अडते ती नावावर. गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रतही जोडा. दुसरी अडचण ओबीसींची: निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. सेतूवर अर्ज देतानाच ‘केंद्रासाठी’ असं स्पष्ट सांगा आणि हे काम जाहिरात यायच्या आधीच उरका.